दहा श्वासांना एक मणी

कापसाची वेचणी आणि दिवाळी आमच्याकडे एकदमच येतात. आसपासच्या गोंड गुड्यांमधून, म्हणजे वस्त्यांमधून, दंडारीचे, त्यांच्या दिवाळीतल्या नाचाचे, ढोल ऐकू येऊ लागले, की दिवाळी अंक छपाईला पाठवायची घाई सुरू होते. यंदाचा विषय आरोग्य शिक्षण. तो जाहीर करताच 'जनतेत अज्ञान फार' अशा सुरुवातीचे लेख येऊ लागले. ते वाक्य आम्ही दिसेल तिथे छाटले. जागा वाचवण्यासाठी नव्हे. ते खरे वाटत नाही म्हणून.

का, ते दोन उदाहरणांतून सांगतो. आमच्या आदिलाबादेतून पैनगंगा ओलांडली की विदर्भ. तिथल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) सार्वजनिक आरोग्याचे कुठले पुस्तक वाचले नव्हते. गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन रात्री. त्या कीर्तनातही ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दिवसभर गटार उपसणाऱ्या माणसाने रात्री विचारलेला प्रश्न कोण टाळणार?

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, हे मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. पण गावातल्या सुईणींना डझनाच्या पुढे मोजता येईना. आता आधी त्यांच्यासाठी साक्षरता वर्ग काढायचे? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने साधनच बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीच्या टोकाचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मोठ्या बाळासाठी दुसरी ओळ, कारण त्याची मर्यादा कमी. सुईणीला दहापर्यंत मोजता येते, एवढ्यावर सगळे उभे राहिले. पुढे याच संस्थेने गावातल्याच बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याची मुळे तिथे आहेत.

आता आपल्याकडे पाहू. आमचे मावला मंडळ (तालुक्यासारखा विभाग) २०१६ मध्ये झाले, हमरस्त्यावर आहे, आदिलाबाद शहराला लागून आहे. म्हणजे दवाखाना लांब, ही सबब इथे फारशी चालत नाही. पण एकाच गल्लीत तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलली जाते, तिथे भित्तिपत्रक एका भाषेत लावून काम झाले असे कसे म्हणायचे? सभा सकाळी अकराला ठेवली, तर वेचणीच्या दिवसांत समोर बसतात ते म्हातारे आणि पोरे. ज्यांच्यासाठी सभा, त्या बाया रानात. पाणी उकळून प्यावे, हे बाईला माहीत असते. त्यासाठीचे सरपण कोण आणणार, हे विचारायचे मात्र सांगणाऱ्याला सुचत नाही.

दंडारीच्या मुक्कामात आरोग्याचे पथनाट्य घुसवावे, अशी सूचना एका लेखकाने केली आहे. आम्हाला ती पटत नाही. तो त्यांचा सण आहे, आपले व्यासपीठ नव्हे. सण उरकू द्यावा, वेचणीचा जोर ओसरू द्यावा आणि मग रात्रीच्या जेवणानंतर, बोलावले तर, गुड्यावर जाऊन बसावे. सोबत गोंडी येणारे कुणी असावे. पहिल्या बैठकीत ताप आला की तुम्ही आधी काय करता, एवढेच विचारावे. भित्तिपत्रकाचा मजकूर त्यानंतर लिहायला घ्यावा.