पक्षी पाहा, पण आधी पावलाखाली पाहा



विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. लेकी माहेरी आलेल्या, नातवंडांनी घर भरलेले. कुरडया-पापड आटोपले, रसाची जेवणे झाली, तरी मुलांना गुंतवायचे कशात हा प्रश्न उरतोच. माझे उत्तर सोपे आहे : त्यांना पक्षी दाखवा. पैसा लागत नाही. चिखलीच्या वेशीबाहेर पडले की शिवारच आहे. एखादा दिवस सवड असेल तर मेहकरमार्गे लोणार गाठावे किंवा बुलढाण्यापुढे बोथ्याच्या घाटात, ज्ञानगंगा अभयारण्यात जावे. लोणार सरोवर तर 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आहे.

मात्र माझे एक मत काहींना कडक वाटेल. या दिवसांत ज्याला पाऊल जपून टाकता येत नाही, त्याने पक्षी पाहायला जाऊच नये.

कारण हा हंगाम वेगळा आहे. हिवाळ्यातले पाहुणे कधीच परतले. आपल्या दिगंबर परंपरेत सुमतिनाथ भगवानांचे लांछन असलेला चकवा हिवाळ्यात इकडच्या पाण्यावर येतो, उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे निघून जातो. आता दिसतात ते संसार मांडणारे पक्षी. दक्षिणेकडून नवरंग विदर्भाच्या जंगलांत येतो, आफ्रिकेकडून चातक येतो. पावश्या ‘पेरते व्हा’ म्हणत राहतो आणि सातभाईच्या घरट्यात आपले अंडे ठेवून मोकळा होतो. मोराचा पिसारा भरात असतो.

आणि टिटवी! ती घरटे बांधतच नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये साधारण चार अंडी घालते. रंग असा, की खडा कोणता आणि अंडे कोणते ते कळत नाही. जवळजवळ चार आठवडे ती अंडी सांभाळते. ऊन फार झाले तर पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. आपण शेतातून गप्पा मारत चाललो, की ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालते. लोक म्हणतात टिटवी अशुभ ओरडते. अहो, ती आपल्याला सांगत असते, पुढे माझी लेकरे आहेत!

चार हात पुढची जमीन पाहून चालावे, ही ईर्यासमिती आपल्याला पाठ आहे. ती मुनींसाठी सांगितली आहे, पण माळावर ती आपल्यालाही लागू पडते. भाषासमितीही सोबत न्यावी, कारण मोठ्याने बोलले की पक्षी उडतात. मग उघडी अंडी मे महिन्याच्या उन्हात तापतात.

कोणी म्हणेल, मुलांना जवळून पाहिल्याशिवाय मजा कशी येणार? घरट्यातल्या पिलांचे फोटो मोबाइलवर फिरतात, त्यांचे कौतुकही होते. मला ते कौतुक पटत नाही. फांदी वाकवून फोटो काढला की आडोसा जातो आणि कावळ्याला वाट सापडते. लांब सावलीत बसवून मुलाला विचारावे, “चोचीत काय आणले? किती वेळाने परत आली?” अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

दाण्याबद्दलही बोलते. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला. त्याचा निवाडा मी करत नाही. पण कॉमर्स शिकलेली असल्याने जमाखर्च मांडायची खोड आहे. आपण टाकलेला दाणा मुख्यतः कबुतरांच्या खाती जमा होतो. नवरंगाच्या, चातकाच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. चिमणीसुद्धा आपल्या पिलांना अळ्या-किडे भरवते. या सगळ्यांना आपल्याकडून हवे ते झाड, कुंपणाची बोर-बाभूळ आणि थोडी शांतता. पावसाळ्याआधीच्या साफसफाईत मीटरच्या पेटीतले चिमणीचे घरटे काढायची घाई करू नका. दोन-तीन आठवड्यांत पिले उडतात. गच्चीवर सावलीत मातीचे पसरट भांडे ठेवा, रोज धुवा, आणि पाणी गाळलेलेच घाला.

मुनींच्या पिच्छीतली पिसे मोराने स्वतःहून गाळलेली असतात. त्याच्याकडून घ्यायचे ते एवढेच, हे आपल्या आचार्यांनी कधीच ठरवून दिले आहे.

म्हणून एक सुचवते. सुट्टीत आपल्याकडे मुलांची संस्कार शिबिरे होतात, पाच समित्या पाठ करून घेतल्या जातात. पुढच्या शिबिरात एक सकाळ माळावर ठेवा. मुलांना रांगेत, हळू चालवा. ज्याला टिटवीचे अंडे आधी दिसेल, त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी तिथूनच मागे फिरायचे. ईर्यासमिती पुन्हा घोकून घ्यावी लागणार नाही.