न आलेल्या गाड्यांचा इतिहास

चाकण-तळेगाव रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांना एक दृश्य ओळखीचे असते. काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीने सगळे अंग झाकलेली, नाव-खूण काही नसलेली एखादी मोटार शेजारून निघून जाते. चाचणीची गाडी. शाळकरी पोरे ती कुठल्या कंपनीची असेल यावर पैजा लावतात, कुणी चालत्या बसमधून मोबाइलवर फोटो काढतो. यातल्या काही गाड्या वर्ष-दोन वर्षांत शोरूमच्या काचेआड दिसतात. काही मात्र कधीच दिसत नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. लग्न मोडलेल्या घरात जसा तो विषय पुन्हा निघत नाही, तसेच हे.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो व्हिडिओ गेमच्या वाटेने. साठी ओलांडलेल्या माणसाने व्हिडिओ गेमविषयी बोलावे, याचे वाचकांना हसू येईल. पण नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी मुले वाढली, त्यांना टीव्हीला जोडायचा तो ‘सामुराई’चा खोका आणि मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीत अदलाबदल होणाऱ्या त्याच्या कॅसेटी आठवत असतीलच. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे शास्त्र आमच्या पिढीनेही शिकून घेतले होते.

तर परदेशात काही माणसे आहेत, जी बंद पडलेल्या खेळयंत्रांसाठी तयार झालेले, पण बाजारात कधीच न आलेले खेळ शोधत असतात. उदाहरणार्थ, जपानच्या सेगा कंपनीचे ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र. १९९८ मध्ये ते जपानात आले आणि जानेवारी २००१ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या क्षणी कितीतरी खेळ अर्धेमुर्धे, काही तर जवळपास पूर्ण झालेले होते. ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळाची ड्रीमकास्ट आवृत्ती त्याच वर्षी रद्द झाली. ‘प्रोपेलर अरीना’ हा विमानांच्या लढाईचा खेळ तयार होता. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर उंच इमारतींभोवती विमाने घिरट्या घालणारा खेळ विकायचा कसा? तोही कपाटात गेला. निन्टेन्डो कंपनीचा ‘स्टार फॉक्स २’ १९९५ मध्ये पूर्ण झाला होता, तो अधिकृतपणे लोकांच्या हाती पडला २०१७ मध्ये. बावीस वर्षांनी!

हे शोधणारे काम कसे करतात, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या मासिकांतल्या ‘लवकरच येत आहे’च्या याद्या ते काढतात आणि त्यातले काय आले नाही, यावर खुणा करतात. निवृत्त प्रोग्रामरांना गाठतात. कुणाच्या माळ्यावर हाताने लेबल चिकटवलेली नमुना-कॅसेट सापडते. तिच्यातल्या चिपला वर काचेची छोटी खिडकी असते. लेबल निघाले आणि वर्षानुवर्षे उजेड लागत राहिला, तर आतला मजकूर पुसला जाऊ शकतो. लेबल टिकले तरी चिपमधला विद्युतभार काळाच्या ओघात झिरपतोच. म्हणजे घाई करावी लागते. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ नावाची संस्थाच उभी राहिली. तिने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. आलेल्यांची ही गत, तर न आलेल्यांचे काय?

आता आपल्या घरी येऊ. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्याला आपण कारखान्यांचा पट्टा म्हणतो आणि इथे काय तयार झाले याच्या याद्या सांगतो. अँटिबायोटिक्स, स्कूटर, ट्रक. या पट्ट्यात काय तयार झाले नाही, किंवा तयार होऊनही बाहेर पडले नाही, त्याची यादी कुणीच केलेली नाही. माझे म्हणणे असे की ती करायला हवी, आणि आताच.

नॅनोचेच पाहा. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती प्रथम दाखवली गेली तेव्हा सगळ्या देशाने लाख रुपयांचा आकडा ऐकला. पश्चिम बंगालमधले सिंगूर, मग गुजरातमधले साणंद, हे राजकारण सगळ्यांना पाठ आहे. पण तिचे कागदावरचे आणि मातीच्या नमुन्यातले आयुष्य पुण्यात, टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गेले, हे सांगावे लागते. मार्च २००९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘नॅनो युरोपा’ मांडली गेली. ती युरोपात कधी विकली गेली नाही. डिझेलवरच्या नॅनोची चर्चा वर्षानुवर्षे चालली. ती आली नाही. २०११ मध्ये जिनिव्हातच ‘पिक्सेल’ नावाची, जागच्या जागी वळू शकेल अशी चिमुकली मोटार दाखवली गेली. तीही नाही. त्याआधी २००७ मध्ये याच कंपनीने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनासाठी फ्रान्समधल्या एमडीआय या कंपनीशी करार केला होता. मूळ नॅनोला मागचे दार उघडण्याची सोय मिळाली ती थेट २०१५ मध्ये, आणि २०१९ साली एकही नॅनो तयार झाली नाही. दहा वर्षांची ही कहाणी आपण ‘फसली’ या एका शब्दात गुंडाळतो. मला वाटते, न आलेल्या नॅनोंची कहाणी कळल्याशिवाय आलेल्या नॅनोची कळायची नाही. कोणत्या वळणावर कुणी काय सुचवले आणि ते का नाकारले गेले, हे त्या रद्द नमुन्यांतच लिहिलेले असणार.

चाकणचे उदाहरण याहून विस्मृतीत गेलेले आहे. नॅनो दाखवली जाण्याच्या दोनच दिवस आधी बजाजने आपली ‘लाइट’ नावाची छोटी मोटार दिल्लीत दाखवली होती. मे २००८ मध्ये बजाज, रेनो आणि निस्सान यांनी मिळून अतिस्वस्त मोटारीसाठी चाकणला वर्षाला चार लाख गाड्यांचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. चार लाख! त्या उन्हाळ्यात चाकणच्या आसपास जमिनीच्या गप्पा कोणत्या थराला गेल्या होत्या, हे बँकेतल्या माणसाला विचारा. भागीदारीतली ती मोटार आली नाही. बजाजने २०१२ मध्ये ‘आरई-६०’ म्हणून जी चारचाकी दाखवली, तिचीच पुढे ‘क्यूट’ झाली आणि ती आधी परदेशी गेली.

तळेगावची गोष्ट तर थेट खेळयंत्रांच्या कथेसारखी आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात शेव्हरोलेची ‘एसेन्शिया’ ही छोटी सेडान दाखवली गेली. वर्षभरात ती येणार होती. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्रीच बंद करण्याचे ठरवले. म्हणजे खेळ रद्द झाला नाही, यंत्रच बंद झाले. गंमत अशी की हीच गाडी ‘बीट’ या नावाने तळेगावात तयार होऊन मेक्सिकोत विकली गेली. जपानात निघालेला पण आपल्याकडे न आलेला खेळ असतो ना, तसे. तिला जोडणारे हात मावळातले, आणि ती मावळच्या रस्त्यावर कधी दिसली नाही. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, हजाराहून अधिक कामगारांची नोकरी गेली. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. नव्या पाटीखाली जुन्या गाडीची आठवण कोण ठेवणार?

आणि एक गाडी तर या दोन्ही जगांत पाय असलेली. मार्च २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हात ‘रेसमो’ नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार दाखवली आणि तिची एक आवृत्ती ‘फोर्झा होरायझन ३’ या व्हिडिओ गेममध्ये चालवायला मिळेल असे जाहीर केले. गाडी विक्रीला आलीच नाही. तो खेळ २०२० पासून नव्याने विकत मिळत नाही आणि ज्या ‘एक्सबॉक्स वन’साठी तो होता, त्याचे उत्पादनही २०२० अखेर थांबले.

इथवर मोठ्या कंपन्यांचे झाले. त्यांचे काही अडत नाही. एक मॉडेल गेले तर दुसरे येते. माझा जीव अडकतो तो छोट्यांमध्ये. बँकेत असताना भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योगांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून जात. नवी गाडी येणार म्हटले की सुट्या भागांच्या ऑर्डरी निघत. पण भाग बनवायचा तर आधी डाय हवी, जिग हवा, फिक्स्चर हवे. त्याचा खर्च पुष्कळदा व्हेंडरने करायचा आणि तो पुढच्या तुकड्यांच्या दरात वाटून वसूल व्हायचा. एका नगामागे समजा दोन रुपये. पाच लाख नग गेले की दहा लाख परत. हिशेब चोख. फक्त नग गेले पाहिजेत! गाडी रद्द झाली की ते दोन-दोन रुपये यायचे थांबतात आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. बँकेच्या नियमात ‘मॉडेल आले नाही’ असा रकाना नाही.

असा एक कारखानदार मला आपल्या शेडच्या मागच्या बाजूला घेऊन गेला होता. ताडपत्रीखाली ग्रीस लावून ठेवलेली एक डाय होती, बाजारात न आलेल्या गाडीच्या दाराच्या बिजागरीची. मी म्हटले, “काढून टाका, चार पैसे तरी येतील.” तो म्हणाला, “साहेब, भंगारवाला किलोवर घेणार. हिच्यावर आमच्या टूलरूमच्या पोरांनी तीन महिने रात्रपाळी केलीय. किलोवर कशी देऊ?” पुढे त्याने ती दिली असेल. द्यावीच लागते. पण त्या बिजागरीत एक युक्ती होती, पिन बाहेर न काढता दार उतरवता येण्याची, आणि ती कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हती, ती त्या पोरांच्या हातात होती. ती कुठे नोंदली गेली?

खेळ शोधणारे जशी जुनी मासिके चाळतात, तशी आपल्याकडे साधने कोणती? माझ्या मते सगळ्यात श्रीमंत साधन बँकांच्या जुन्या फायली. प्रकल्प अहवालात लिहिलेले असे की अमुक गाडीचे तमुक भाग, वर्षाला इतके नग, अमुक महिन्यापासून. न आलेल्या भविष्याचे इतके तपशीलवार वर्णन मी कादंबरीतही वाचलेले नाही. पण कर्ज फिटले, मुदत संपली, की फायली नष्ट करायच्या असा नियम आहे आणि तो पाळला जातो. ग्राहकाची गुप्तता महत्त्वाची, हे मी तीस वर्षे घोकलेले वाक्य आहे. तरी ग्राहकानेच आपली प्रत दिली तर कोण अडवतो?

कंपन्या म्हणतील, हे व्यापारी गुपित आहे. असेलही, पाच वर्षे, दहा वर्षे. २००८ मध्ये न आलेल्या गाडीच्या कार्बोरेटरचे आज कसले गुपित! खरे कारण वेगळे असावे. अपयशाचा कागद जपून ठेवायची आपल्याला सवय नाही. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्हज आहे, तिथे उद्योगाची कागदपत्रे आस्थेने सांभाळली जातात. इतर घराण्यांनी आणि महापालिकेनेही त्यापासून शिकावे. चिंचवडला सायन्स पार्क आहे, शेकड्याने मुले येतात. तिथे एका दालनात न आलेल्या गाड्यांच्या डाय, लाकडी पॅटर्न, चित्रे, जुनी माहितीपत्रके मांडली तर मुलांना कळेल की एक वस्तू बाजारात येते तेव्हा तिच्यामागे किती वस्तू मागे राहिलेल्या असतात. आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्याच त्या विषयांचे प्रोजेक्ट देण्याऐवजी एकेका रद्द मॉडेलचा माग काढायला लावावे. फार पैसा लागत नाही, टेपरेकॉर्डरचे काम आता खिशातला फोन करतो.

घाई मात्र आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामे मोठ्या प्रमाणावर पाडली. ती अनधिकृत होती, आगी लागत होत्या, कारवाईची कारणे होती. त्या वादात मी शिरत नाही. पण कित्येक वर्षे या पट्ट्यातल्या कारखान्यांचे भंगार जिथे येऊन पडत होते, तिथे काय काय होते हे पाहायला एकही अभ्यासक फिरकला नाही.

माणसे अजून आहेत. १९८० च्या सुमारास विशीत कारखान्यात चिकटलेले टूलमेकर, पॅटर्नमेकर, चाचणी गाड्यांचे ड्रायव्हर आज पासष्टी-सत्तरीत आहेत. त्यातले बरेच सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर फिरायला येतात. परवा त्यांच्या कट्ट्यावर मी सहज विचारले, न आलेल्या गाड्या कुणाला किती आठवतात? पहिल्याने दोन सांगितल्या. दुसऱ्याने त्यातली एक खोडून काढली आणि तीन नवी नावे घातली. तिसरा म्हणाला, नावे कसली, आमच्याकडे नुसते नंबर असायचे. आणि त्याने बोटांवर मोजत ते नंबर सांगायला सुरुवात केली. माझ्याजवळ लिहायला कागद नव्हता. मी बसच्या तिकिटामागे नऊ नंबर लिहून आणले आहेत.