साडेतीन हजार शब्द पाठ, तरी उतारा कळेना! इंग्रजी शब्दयाद्यांचे नेमके चुकते कुठे?

अमेरिकेत एमएस करायचे ठरले, की जीआरईच्या तयारीत सीनियरकडून पहिली भेट मिळते ती शब्दयादीची. बॅरन्सची ३५०० शब्दांची यादी अशीच वर्षानुवर्षे हातोहात फिरत आली आहे. विद्यार्थी ती 'ए'पासून घोकायला घेतात आणि बहुतेकांचा उत्साह 'सी'पर्यंत पुरतो.

मुळात ही घोकंपट्टी ज्या परीक्षेसाठी होती, ती ऑगस्ट २०११ मध्येच बदलली. त्याआधी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतील नाते ओळखण्याचे सुटे प्रश्न असत. शब्द माहीत असला की गुण मिळायचे. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने हे प्रश्न काढून टाकले. आता शब्द वाक्यात किंवा उताऱ्यातच येतो. एका प्रकारात सहा पर्यायांमधून असे दोन शब्द निवडायचे असतात, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. दोनपैकी एकच बरोबर आला, तर गुण शून्य.

इथे दांडी उडवतात ते बऱ्याचदा ओळखीचेच शब्द. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, हे क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. पण 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे हातचे राखून दिलेला, सशर्त पाठिंबा. 'सँक्शन' तर दोन्हीकडून बोलतो: बँक कर्ज सँक्शन करते तेव्हा ती मंजुरी, आणि एखाद्या देशावर सँक्शन्स लागतात तेव्हा ते निर्बंध. यादीत शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहिणारा इथे हमखास अडकतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण याहून आधीची आहे आणि तिच्याबद्दल क्लासवाले फारसे बोलत नाहीत. दहावीपर्यंत 'समजा', 'गृहीत धरा', 'म्हणून' वाचलेल्या मुलांसमोर अकरावी विज्ञानात अचानक 'अझ्यूम', 'हेन्स', 'डिराइव्ह' येतात. धडा समजलेला असतो, पण प्रश्नात काय करायला सांगितले आहे तेच कळत नाही. अशांनी दुर्मिळ शब्दांच्या मागे धावणे म्हणजे पाया सोडून गच्ची बांधणे. त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या भाषाअभ्यासक अव्हेरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' जास्त कामाची आहे. सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दकुळे निवडली. अशा मजकुरातील साधारण १० टक्के शब्द याच कुळांतले असतात. वरचे तिन्ही शब्दही त्यात आहेत. ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते.

पाठांतर लागतेच, पण एका बैठकीत शंभर शब्द उरकून नाही. तोच शब्द एका दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा पाहावा. वहीत अर्थासोबत तो जिथे भेटला ते वाक्य उतरवावे. जीआरई देणाऱ्यांसाठी ईटीएसच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मोफत आहेत. यादी उघडण्याआधी त्यातली एक सोडवावी आणि तिथे अडलेल्या शब्दांनीच वहीचे पहिले पान भरावे.