क्रँकचा हिशेब

कोल्हापुरातील एक कापडव्यापारी पन्नाशी उलटल्यावर सायकलीकडे वळले. दर रविवारी पहाटे पन्हाळ्यापर्यंत जाऊन दुकान उघडण्याच्या वेळेस परत येणे, हा त्यांचा सहा वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यानंतर वाघबीळच्या चढावर डाव्या पायाखालून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येऊ लागला. चेनला तेल दिले, आवाज थांबला नाही. अखेर कारागिराने पेडल काढून दाखविले, तेव्हा क्रँकच्या भुजेतील आटे झिजून गेलेले होते.

डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळावे लागते. ते किंचित सैल राहिले तर ॲल्युमिनियमच्या भुजेतील आटे पोलादी पेडल खाऊन टाकते. दुसरे नुकसान चेनचे होते. ताणलेली चेन वेळेवर न बदलल्यामुळे पुढच्या दोन्ही चक्र्यांचे दातही टोकदार झाले होते. चेनचा छोटा खर्च टळला आणि पूर्ण क्रँकसेटचा मोठा खर्च अंगावर आला. दुकानाच्या खतावणीत जी चूक त्यांनी कधी होऊ दिली नसती, ती सायकलीच्या बाबतीत झाली.

नवा क्रँकसेट घेताना किमतीआधी तीन मापे पाहावी लागतात. पहिले माप आसाचे. जुन्या क्रँकचा आस २४ मिलिमीटर जाडीचा होता आणि सायकलीच्या सांगाड्यात त्याच मापाच्या बेअरिंगा आटे फिरवून बसविलेल्या होत्या. बाजारात ३० मिलिमीटर आणि २८.९९ मिलिमीटर आसाचेही क्रँक मिळतात. ते या बेअरिंगांत बसत नाहीत. मग बेअरिंगाही बदलाव्या लागतात आणि स्वस्तात मिळालेली वस्तू महाग पडते.

दुसरे माप दातांचे. जुना सेट ५३ आणि ३९ दातांचा, म्हणजे शर्यतीच्या पद्धतीचा होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा आग्रह तोच सेट पुन्हा घेण्याचा होता. व्यापाऱ्यांनी मात्र कागद घेतला. मागे सर्वांत मोठी चक्री २८ दातांची, चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. ३९ दातांच्या चक्रीवर पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.९ मीटर पुढे जाते. ३४ दातांच्या चक्रीवर सुमारे २.५५ मीटर. एका फेऱ्यातील अंतर कमी झाले तर प्रत्येक फेऱ्याला पायांवर येणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. येथे तो सुमारे १३ टक्क्यांनी घटतो, आणि चढावर गुडघ्यांना हा फरक स्पष्ट जाणवतो. वेगाचे काय, हा मुलाचा प्रश्न होता. पुढे ५० आणि मागे ११ दात असताना मिनिटाला ९० फेरे मारले, तर वेग ताशी सुमारे ५१ किलोमीटर होतो.

‘‘इतक्या वेगाने मी कधी गेलो आहे का रे?’’ असे त्यांनी विचारले आणि ५०-३४ चा सेट ठरला.

तिसरे माप भुजेच्या लांबीचे. भुजेच्या आतील बाजूस १७२.५ हा आकडा कोरलेला होता. व्यापारी उंचीने बेताचे, त्यामुळे कारागिराने १७० मिलिमीटरची भुजा सुचविली. भुजा २.५ मिलिमीटरने आखूड झाली की बैठक तेवढीच वर घ्यावी लागते. त्यामुळे पेडल वरच्या टोकाला असताना बैठक आणि पाय यांतील अंतर ५ मिलिमीटरने वाढते आणि गुडघा थोडा कमी मुडपतो.

मापे ठरली, आणि त्याच आठवड्यात एका स्नेह्याने आपला वापरलेला क्रँकसेट अर्ध्या किमतीत देऊ केला. आस तोच, दात तेच, लांबी तीच. मुलाने तो घरीही आणला.

येथे एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनविलेल्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस श्रेणीतील ११ स्पीडच्या काही क्रँकसेटची तपासणी जाहीर केली. या क्रँकची भुजा दोन भाग चिकटवून पोकळ बनविलेली असते. तो जोड सुटून भुजा तुटण्याचा धोका होता. अमेरिकेत अशा ४,५०० हून अधिक घटनांची आणि ६ जणांना दुखापत झाल्याची नोंद झाली. प्रत्येक सेट सदोष होता असे नाही. मात्र अधिकृत विक्रेत्याने तपासावे आणि जोड सुटू लागलेला सेट विनामूल्य बदलून द्यावा, अशी ती व्यवस्था होती. उत्पादनाचा काळ सांगणारी दोन अक्षरे भुजेच्या आतील अंगास कोरलेली असतात.

स्नेह्याचा सेट त्याच श्रेणीतला आणि त्याच काळातला निघाला. त्याची तपासणी झालेली नव्हती.

‘‘अण्णा, नको असेल तर नको म्हणा. कारण कशाला सांगायचे? त्यांना वाईट वाटेल,’’ मुलगा म्हणाला.

‘‘कारण न सांगता परत केला, तर उद्या तो दुसऱ्या कोणाच्या पायाखाली जाईल,’’ वडील म्हणाले. ‘‘उतारावर भुजा तुटली तर त्याला कळणारही नाही काय झाले ते. ठाऊक असलेला दोष न सांगता आपण कधी ठाण विकले आहे का?’’

ते स्वतः सेट घेऊन स्नेह्याकडे गेले आणि ती दोन अक्षरे दाखविली. स्नेह्याला ही बातमी ठाऊकच नव्हती. तो क्षणभर ओशाळला. कारण सेट काढून ठेवण्यापूर्वी काही महिने त्याचा मुलगा त्याच क्रँकवर रोज सायकल चालवीत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तो तपासणीसाठी विक्रेत्याकडे नेला.

व्यापाऱ्यांनी नवा सेट पूर्ण किमतीत घेतला. कारागिराने डाव्या भुजेचे दोन्ही बोल्ट सांगितलेल्या मापानेच, १२ ते १४ न्यूटन-मीटर इतके, पान्याने आवळले आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासण्यास बजावले. पुढच्या रविवारी वाघबीळच्या चढावर आवाज आला नाही. परतल्यावर त्यांनी दुकानाच्या वहीत शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली : नवी चेन बसविल्याची तारीख, आणि पुढची तपासणी केव्हा करायची तो महिना.