खांबावर न चढणारे लाइनमन

लाइनमन म्हटलं की आमच्या गोंदियाकडे एकच माणूस डोळ्यासमोर येतो. पावसाळ्यात डीपीवर फट्ट आवाज झाला की ज्याला अख्खं गाव फोन लावतं, आणि जो खांबावर चढला की खालून पन्नास लोक सूचना देतात, तो. त्यामुळे २०१६ साली ऑनसाइटला मिशिगनला गेलो आणि हापिसातला शेजारी पहिल्याच सोमवारी तोंड पाडून म्हणाला, "यंदा आपल्याकडे लाइनमन कमी आहेत", तेव्हा मला वाटलं याच्या घरची वीज गेली असावी. :)

तो बोलत होता कॉलेजच्या फुटबॉलबद्दल. आज लिहायचंय ते खरं म्हणजे कबड्डीबद्दल, आमच्या आमगाव तालुक्यातल्या कबड्डीबद्दल. पण मला जे सुचलं ते मिशिगनवरून फिरून सुचलं, त्यामुळे वाचणाऱ्यालाही तो फेरा पडणार. माफी असावी.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा एक हिरो असतो, क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरं भिंतीसारखी उभी राहतात. ते ऑफेन्सिव्ह लाइनमन. समोरून येणाऱ्याला अडवायचं, दुसऱ्याला पळायला वाट करून द्यायची, एवढंच काम. यांच्या हातात चेंडू जवळपास कधी येत नाही. त्यांनी चूक केली की मात्र लगेच स्पीकरवरून नंबर पुकारला जातो. म्हणजे आमच्या क्षेत्रातले सर्व्हर सांभाळणारे लोक. सगळं नीट चाललंय तोवर ते आहेत हेच कोणाला माहीत नसतं.

शेजारी गोरा, साठीचा, चाळीस वर्षं अॅन आर्बरच्या त्या लाखभर लोकांच्या मैदानात शनिवारी जाऊन बसणारा. त्याने मला शिकवलं ते हे : शाळेतून पोरं निवडताना क्वार्टरबॅक एखाद-दुसरा घेतात, पण लाइनमन दरवर्षी तीन-चार घ्यावेच लागतात. जागा पाच, आणि संघात पोरं चौदा-पंधरा. कारण अठरा वर्षांचं पोरगं कितीही मोठं असलं तरी लगेच उभं करता येत नाही. त्याने दोन-तीन वर्षं खायचं, वजनं उचलायची, रोज सरावात मोठ्यांचा मार खायचा. त्यासाठी तिथे 'रेडशर्ट' नावाची सोय आहे, पहिलं वर्ष न खेळता बसलं तर ते वर्ष हिशोबात धरत नाहीत. निवडणारे छाती बघत नाहीत, पाय बघतात. पोरगं कुस्ती खेळलंय का, गोळा फेकलाय का, बास्केटबॉलमध्ये वळताना अडखळतं का. आणि शक्यतो कडेला उभं राहणारी पोरं घेतात, कारण कडेचा आत सरकू शकतो, आतला कडेला जमेलच असं नाही.

मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटलं. पाच जागांना पंधरा पोरं? आमच्या कंपनीत एका माणसाच्या जागी अर्धा माणूस लावतात. बेंचवर कोणी दिसलं की मॅनेजरच्या पोटात दुखतं. बेंच हा शब्दच आमच्याकडे शिवी असल्यासारखा उच्चारतात. असो.

आता २०२३ ची दिवाळी. मी गावी होतो. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडईचा मोसम सुरू होतो. धान कापून झालेलं, बांधावर पुंजणे लागलेले, दिवसा मंडई, रात्री दंडार नाहीतर नाटक. आणि मंडई म्हटली की कबड्डी आलीच. बालाघाटकडचे, राजनांदगावकडचे संघ येतात, माइकवाला मराठी, हिंदी, पोवारी सगळं एका वाक्यात बोलतो. आमच्या गावचा संघ उपांत्य फेरीत पोचला होता. माझा मामेभाऊ उजव्या बाजूचा कव्हर. वय एकवीस, पोलीस भरतीची तयारी चाललेली, सोळाशे मीटर धावायला रोज पहाटे चारला उठणारा.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. सात जणांत साधारण तीन रेडर असतात आणि चार पकड करणारे : दोन कॉर्नर, दोन कव्हर. कॉर्नर घोटा-मांडी धरतो. कव्हर समोरून आडवा येतो, ब्लॉक करतो, धडक मारून बाहेर काढतो. साखळी धरलेली असते ती यांच्या जिवावर. रेडर जेव्हा पकडीला उभे असतात तेव्हा ते इनला किंवा सेंटरला, कोणाचा तरी हात धरून. त्यातला एखादा उचलून कव्हरला ठेवला तर जागा भरते, काम होत नाही.

दुसऱ्या हाफमध्ये भावाचा गुडघा वाकडा पडला. बाहेर आला, बसला. नियमाने संघ बारा जणांचा, बदली पाच. आमच्या कागदावरही बारा नावं होती. प्रत्यक्ष जीपमधून आले होते नऊ. बाहेर बसलेले दोघं, दोघंही रेडर. मी त्याला म्हटलं, राहू दे, नको जाऊ. तर म्हणतो, "दादा, कोनीच नाही ना बाहेर. मले जावंच लागते." क्रेप बँडेज गुंडाळलं आणि गेला. तिसऱ्या रेडला तो ब्लॉकला आडवा आला आणि खाली बसला तो उठला नाही. लिगामेंट तुटलं. नागपूरला ऑपरेशन, नऊ महिने घरी, आणि ती भरती हुकली. पुढची निघेपर्यंत त्याला वेगात धावताच येईना.

दोष कोणाला द्यायचा? मी संघाला नावं ठेवणार नाही, कारण त्यात मी आहे. त्या मोसमात आम्ही बालाघाटकडून एक रेडर पैसे देऊन आणला होता. पाच हजार रुपये. त्यातले दोन हजार माझे होते. त्याच पैशात जीपची दुसरी फेरी झाली असती आणि उरलेली तीन पोरं मैदानावर आली असती. त्यांत एक कव्हर होता.

या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री साडेदहाला, झोप येत नव्हती म्हणून मी लॅपटॉपवर मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट लावली. तिथे दुपारचे बारा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सामना १७-१७ बरोबरीत असताना मिशिगनचा गार्ड झॅक झिंटर, ६५ नंबर, पाय मोडून पडला. गाडी आत आणून त्याला नेलं. एक लाखाच्या वर माणसं गप्प. मला पोटात कसंतरी झालं, कारण डोळ्यासमोर दुसराच गुडघा होता. मग काय केलं त्यांनी? कार्सन बार्नहार्ट कडेला खेळत होता, तो झिंटरच्या जागी आत सरकला. कडेची जागा ट्रेंट जोन्सने घेतली. दोघंही २०१९ साली आलेली पोरं, पाचवं वर्ष. पुढच्याच चालीत ब्लेक कोरम चेंडू घेऊन बावीस यार्ड पळाला, थेट टचडाउन. सामना ३०-२४ ने जिंकला, आणि जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही.

आदल्या चालीत पाय मोडलाय आणि पुढच्या चालीत टचडाउन! शेजारी सांगत होता ती पंधरा पोरं का लागतात, ते मला तेव्हा कळलं. कोरमचं नाव सगळ्यांनी घेतलं. जोन्स पाच वर्षं जे करत होता त्याचं फळ त्या एका चालीत मिळालं. आणि झिंटरला, ही गोष्ट महत्त्वाची, कोणी परत आत यायला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. राखीव खेळाडू सामना जिंकायला लागतात हे अर्धंच झालं. जखमी पोराला "नाही" म्हणता यावं यासाठीही ते लागतात.

म्हणून माझं मत असं झालंय की गावचा असो की कॉलेजचा, कबड्डीचा संघ पकडीपासून बांधायला हवा. आधी दोन कॉर्नर, दोन कव्हर, आणि प्रत्येक बाजूला एकेक तयार राखीव. म्हणजे बारातले सहा-सात पकडीचे. रेडर नंतर. आपण बरोब्बर उलटं करतो. चार रेडर जमले की "संघ झाला" म्हणतो आणि उरलेल्या जागी जाडजूड दिसेल तो भरतो.

मोठ्या पातळीवर हे लोकांच्या ध्यानात आलंय. २०१४ च्या पहिल्या प्रो कबड्डीत सर्वांत महाग गेलेला राकेश कुमार १२.८ लाखांचा होता. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणचा कॉर्नर फझल अत्राचली एक कोटीला घेतला. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूसाठी २.३५ कोटी मोजले, तोही मुळात पकडीचा माणूस. पलटण डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ ने हरली होती. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून जिंकली. कप्तान आपला अस्लम इनामदार, नगर जिल्ह्याचा. पण मला शादलूइतकंच कौतुक वाटलं ते त्यांनी कमी वयाची पोरं घेऊन सांभाळून ठेवली याचं. आणि पकडीची किंमत बघायची तर २०१८ चा जकार्ता आठवा. १९९० पासून ओळीने सात आशियाई सुवर्णं घेतलेला भारत, रेडर एकापेक्षा एक, आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८ ने घरी पाठवला. अठरा गुण! त्या भिंतीपुढे आपल्या रेडरांना वाटच मिळेना.

आता याच्या उलट बाजू. आमचे सर (गेली कित्येक वर्षं पदरमोड करून पोरांना शिकवतात) माझं हे भाषण ऐकून हसले. म्हणाले, "पोट्ट्याले बसवून ठेवशीन तं थो दुसऱ्या गावाकडून खेळाले जाते." खरं आहे. मंडईच्या मोसमात चांगला कॉर्नर चार गावांना हवा असतो. अमेरिकेतही आता तेच झालंय. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ पासून कॉलेज बदलून लगेच खेळता येतं आणि नाव-चेहऱ्याचे पैसेही घेता येतात. तीन वर्षं गुपचूप वाट बघणारी पोरं तिथेही कमी झाली. मिशिगनच्या त्याच भिंतीत दोघं दुसऱ्या कॉलेजातून आलेले होते. आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? मीही जास्त पगार दिसल्यावर दोनदा नोकरी बदलली आहे.

तेव्हा पोरगं थांबावं असं वाटत असेल तर त्याला थांबण्याचं काहीतरी दिलं पाहिजे. निष्ठेवर प्रवचन देऊन भागत नाही. मला सुचतं ते असं : राखीव कव्हरला प्रत्येक साखळी फेरीत एक हाफ खेळवायचाच, निकाल काही का होईना. बक्षिसाच्या रकमेचे बारा समान भाग करायचे, सातचे नाही. जखमी पोराच्या औषधपाण्यासाठी आधी पैसे बाजूला काढायचे, रेडर आणायचे नंतर. आणि 'उत्कृष्ट चढाई', 'उत्कृष्ट पकड' ही बक्षिसं असतात तसं एक बक्षीस अख्ख्या साखळीला. अमेरिकेत २०१५ पासून जो मूर पुरस्कार आहे, तो एका खेळाडूला मिळतच नाही, पूर्ण लाइनला मिळतो. २०२१ आणि २०२२ मध्ये तो मिशिगनने घेतला. आपल्याला ढाल नको, मंडपात सात पोरांना एकत्र उभं करून सात नारळ दिले तरी चालतील.

यातलं सगळं जमेल असं नाही. बारा जणांना न्यायचं तर डिझेल लागतं, बनियनं लागतात, रात्रीचं जेवण लागतं. आणि लोक रेडरला बघायला येतात हेही खोटं नाही. मीही शिट्टी रेडरलाच मारतो.

तरी आम्ही सुरुवात केली. गेल्या रविवारी गावात निवड ठेवली. सतरा पोरं आली. काय खेळणार विचारलं तर चौदा जणांनी रेडर सांगितलं, दोघांनी "कायीपन", आणि एक नुसताच उभा होता. मामेभाऊ खुर्ची टाकून कडेला. गुडघा आता बरा आहे, पण वळताना त्याचा भरवसा वाटत नाही म्हणतो. तो कोणाच्या दंडाकडे बघेना. रेडर उलट्या बाजूला गेला की हा पोरगा हात सोडतो का, एवढंच बघत होता. हात सोडणाऱ्याचं नाव खोडायचा. अर्ध्या तासात कागदावर पाच नावं राहिली. त्यात तो नुसता उभा राहणारा होता. राइस मिलमध्ये बापाबरोबर पोती उचलतो, बोलत नाही फारसं, पण साखळीतला हात त्याने एकदाही सोडला नाही.

भावाने त्याला विचारलं, "काहून गा, तुले रेडर नाही व्हाचं?"

"नाही जी," म्हणाला. "मले पकडाले आवडते."

पुढच्या रविवारी परत बोलावलंय. पकडीची पोरं सकाळी सहाला. रेडरांना सांगितलंय, तुम्ही आठला या.