उभा माऊस : चोचला की सोय?

उभ्या माऊसची ‘धनिकांचा चोचला’ अशी जी संभावना गतांकातील पत्रलेखकाने केली आहे, तिच्यासंबंधी चार शब्द लिहिण्याची परवानगी असावी. तळहात मेजावर पालथा ठेवताच कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवर तिरपी येतात, आणि त्याच पिळलेल्या अवस्थेत, मनगट करंगळीकडे झुकवून, कचेरीतील कारकून दिवसभर साध्या माऊसने दफ्तर चाळीत असतो. उलट, उभ्या माऊसवर हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा हात उभा राहिला की तो पीळ पुष्कळसा उलगडतो, ही बाब शरीररचनेची आहे, श्रीमंतीची नव्हे. (डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास घडलेला पहिला माऊस लाकडी पेटीचा होता, त्या पेटीने मनगटाची फिकीर केली असेल असे दिसत नाही.)

अर्थात अंगठा व शेजारची बोटे रात्री बधिर होत असतील, तर मनगटातील मज्जातंतू दबल्याचा संशय घेऊन वैद्याकडेच जावे. तेथे नुसता माऊस बदलून भागणार नाही. परंतु सर्वांना एकाच मापाचा, आणि तोही उजव्या हाताचा, माऊस घाऊक खरेदी करून वाटणाऱ्या कचेऱ्यांनी मागणीपत्रकात निदान डावखुऱ्यांसाठी एक रकाना ठेवावयास हरकत नसावी.

आपला,
एक डावखुरा वाचक