रंग चढवण्याआधी...

प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम्स वेबसाइटवर टाकायची पद्धत छानच आहे. काळ्या बॅकग्राउंडवर निळे-हिरवे कीवर्ड्स बघितले की वाटतं, हा प्रोग्रॅम चालणारच! पण कॉपी करून कंपाईल करा... एररची रांग लागते.

कारण साधं आहे. चालणारा प्रोग्रॅम असतो एका फाईलमध्ये आणि पेजवर असते त्याची चिकटवलेली नक्कल. फाईलमधला बग कुणीतरी काढतं, नक्कल मात्र तशीच राहते. त्यात 'सी'चा प्रोग्रॅम एचटीएमएलमध्ये जसाच्या तसा टाकला, तर पहिल्याच ओळीतलं कोनी कंसातलं हेडर फाईलचं नाव ब्राउझरला टॅग वाटतं आणि ते चक्क गायब होतं!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कोड पेजवर चिकटवूच नये. तो मूळ फाईलमधूनच आणावा.

आता तुम्ही विचाराल, स्टॅटिक साइट म्हणजे सर्व्हरवर पीएचपी वगैरे काही नाही, मग कसं जमणार? दोन रस्ते आहेत. पहिला, ब्राउझरमध्ये. 'प्रिझम' या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या 'फाईल हायलाइट' प्लगिनला 'प्री' टॅगमध्ये फाईलचा पत्ता द्यायचा. ते फाईल आणून रंगवतं. मात्र पेज डबल-क्लिक करून उघडलं, तर ब्राउझर सुरक्षेपायी शेजारची फाईल वाचू देत नाही. तपासायला पायथनचा छोटा सर्व्हर पुरतो.

दुसरा रस्ता, साइट तयार होतानाच फाईल घ्यायची. 'ह्यूगो'मध्ये 'रीडफाईल' फाईल वाचतं, 'क्रोमा' रंगवतं. 'स्फिंक्स'चं 'लिटरलइन्क्लूड' तर हव्या तेवढ्याच ओळी उचलतं. इथे रंगवलेला कोड पेजमध्येच असतो, वाचणाऱ्याच्या ब्राउझरला वेगळी फाईल मागवावी लागत नाही. हॉस्टेलच्या नेटला हेच बरं!

काहीजण म्हणतील, "सबमिशनपुरतं तर टाकायचंय, एवढी झंझट कशाला?" अहो, आपण पास होऊन जातो, पेज मागे राहतं. फर्स्ट इयरच्या मुलाला वाटतं, वेबसाइटवरचं चुकेल कसं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि तो रात्रभर स्वतःची चूक शोधत बसतो. हे मला पटत नाही.

फाईलमधून आणला म्हणून कोड आपोआप बरोबर होत नाही, हे मान्य. अपलोड करण्याआधी तो कंपाईल करून बघायलाच हवा. पण मग दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

तेव्हा सीनियर्सना आणि सरांना एकच विनंती. रंग नंतरही चढवता येतील, आधी फाईल एक ठेवूया!